जुन्या वस्तूच्या पोटातला कर

(द्वितीय वर्ष, कला)

'जुने ते सोने' ही म्हण आपल्याकडे उठता-बसता वापरली जाते. ती वापरणारे बहुधा जुन्या चालीरीतींविषयी, जुन्या गाण्यांविषयी किंवा जुन्या माणसांविषयी बोलत असतात. जुनी सायकल, जुना मोबाईल किंवा जुने शिलाई मशीन यांच्याविषयी ही म्हण कोणी वापरल्याचे मी ऐकलेले नाही. तेथे शब्दच बदलतो. ती वस्तू 'सेकंडहँड' होते आणि ती वापरणारा माणूस जरा खाली पाहून बोलू लागतो. वस्तुतः आपल्यापैकी कितीतरी जणांचे शिक्षण अशाच वस्तूंच्या आधारावर चालले आहे. म्हणून या वस्तूंची किंमत कशी ठरते आणि त्या किमतीत सरकारचा कर कोठे दडून बसलेला असतो, हा प्रश्न केवळ वाणिज्य शाखेच्या मुलांचा नाही. तो तुमचा-माझाही आहे, असे मला वाटते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या फीला ज्या शिलाई मशीनचा हातभार लागतो, ते आमच्याकडे येण्यापूर्वी दुसऱ्या एका घरात कित्येक वर्षे चाललेले होते. ज्या सायकलवरून मी येते, तीही बाजारातून घेतलेली जुनीच. माझ्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर दोन नावे खोडून तिसरे नाव माझे आहे. यांपैकी एकाही वस्तूची पावती आमच्या घरात नाही. आणि म्हणूनच वडील निःशंकपणे म्हणतात, "आपण कुठं सरकारला कर भरतो? तो भरणारी माणसं वेगळी."

मित्रहो, हे वाक्य अनेक घरांत बोलले जाते. ते बोलणाऱ्याला त्यात थोडा कमीपणाही वाटत असतो. जणू देशाच्या खर्चात आपला वाटा नाही! परंतु वर्गात 'कराघात' आणि 'करभार' यांतला भेद शिकल्यापासून मला ते वाक्य पटेनासे झाले आहे. कर सरकारकडे जमा करण्याची जबाबदारी ज्याच्यावर पडते त्याच्यावर कराघात होतो. पण तो पैसा शेवटी ज्याच्या खिशातून जातो त्याच्यावर करभार पडतो. दोघे एकच असतात असे नाही. जुन्या वस्तूंच्या बाबतीत तर हा करभार हाताहातांतून सरकत सरकत अशा माणसापर्यंत पोहोचतो की, ज्याला त्याची गंधवार्ताही नसते.

हे कसे घडते ते एका मोबाईलच्या उदाहरणाने पाहू. समजा, एका नव्या मोबाईलची करापूर्वीची किंमत १०,००० रुपये आहे. मोबाईलवर वस्तू व सेवा कराचा दर १८ टक्के. म्हणजे दुकानातून बाहेर पडताना त्याची किंमत ११,८०० रुपये झाली. दीड वर्षाने मालकाने तो विकायला काढला. आता जुन्या मोबाईलची किंमत ठरवताना घेणारा मनात काय हिशेब करतो? तो नव्या मोबाईलकडे पाहतो. "नवा पावणेबारा हजारांना मिळतो, हा निम्म्यात मिळाला तर घेऊ," असे तो म्हणतो. सौदा ५,९०० रुपयांना होतो. पावती नाही, कर नाही, सरकारचा काही संबंध नाही, असे दोघांनाही वाटते. परंतु ११,८०० मध्ये १,८०० रुपये कराचे होते. तेव्हा त्याच्या निम्म्या किमतीत ९०० रुपये कराचेच उरतात. पहिल्या मालकाने भरलेल्या करापैकी अर्धा भाग त्याने दुसऱ्याकडून वसूल करून घेतला. दुसरा पुढे तो मोबाईल तिसऱ्याला विकेल, तेव्हा त्याचाही काही भाग पुढे सरकेल.

सारांश, जुन्या वस्तूची किंमत खालून रचत वर नेली जात नाही. ती नव्या वस्तूच्या किमतीला वरून टांगलेली असते. नव्याच्या किमतीत कर आहे, म्हणून जुन्याच्या किमतीतही कर आहे. पावती नसल्यामुळे तो दिसत नाही, इतकेच. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात घासाघीस करून वस्तू घेणारा मजूर आपण करमुक्त खरेदी केली असे समजतो. प्रत्यक्षात तो नव्या वस्तूच्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या कराचा एक हप्ता फेडत असतो.

आता प्रश्न असा की, हीच वस्तू एखाद्या व्यापाऱ्याने विकत घेऊन पुन्हा विकली तर सरकारने काय करावे? तीन मार्ग संभवतात. पहिला, विक्रीच्या पूर्ण किमतीवर पुन्हा कर घ्यावा. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत दुकानातून विकलेल्या जुन्या वस्तूला असाच पूर्ण किमतीवर विक्रीकर लागतो. दुसरा मार्ग, काहीच घेऊ नये. आणि तिसरा, व्यापाऱ्याची खरेदी आणि विक्री यांच्यात जो फरक पडतो तेवढ्यावरच कर घ्यावा. युरोपीय समुदायाने १९९४ मध्ये आपल्या सदस्य देशांसाठी हा तिसरा मार्ग घालून दिला.

आपल्याकडे विक्रीकर तसा जुनाच. मुंबई प्रांतात त्याचा कायदा १९४६ साली झाला, त्याची जागा पुढे १९५९ च्या कायद्याने घेतली, १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर आला आणि १ जुलै २०१७ पासून सर्व देशात वस्तू व सेवा कर सुरू झाला. या नव्या कराच्या नियमावलीतील ३२ व्या नियमाच्या पाचव्या पोटनियमात जुन्या वस्तूंची व्यवस्था सांगितली आहे. जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याने वस्तू आहे तशी किंवा तिचे स्वरूप बदलणार नाही एवढी किरकोळ डागडुजी करून विकली आणि तिच्या खरेदीवर कराची वजावट घेतली नसेल, तर विक्रीची किंमत वजा खरेदीची किंमत, एवढ्या फरकावरच कर. व्यवहारात तोटा आला तर कर नाही.

हा नियम मला न्याय्य वाटतो. वरचाच मोबाईल व्यापाऱ्याने ५,९०० ला घेऊन ७,५०० ला विकला असे समजू. पूर्ण किमतीवर १८ टक्के लावले असते तर १,३५० रुपये कर झाला असता. आणि ज्या ५,९०० मध्ये आधीच ९०० रुपये कराचे आहेत त्यांच्यावर पुन्हा कर बसला असता. म्हणजे करावर कर! फरकाच्या नियमाने कर होतो १,६०० रुपयांवर, म्हणजे २८८ रुपये. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा भेद हजार रुपयांहून अधिक आहे. खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे मोजून देणाऱ्या विद्यार्थ्याला हजार रुपयांचे मोल काय असते, ते येथे सांगायला नको.

याच बाबतीत सोन्याचे उदाहरण बोलके आहे. अडचणीच्या वेळी घरातली बाई अंगावरचा दागिना मोडायला सराफाकडे जाते. २०१७ च्या जुलैत नवा कर सुरू होताच, अशा मोडीवरही ३ टक्के कर लागणार अशी चर्चा उठली होती. त्याच महिन्यात सरकारने खुलासा केला की, घरच्या माणसाने आपला दागिना विकणे हा त्याचा धंदा नव्हे, सबब त्यावर कर नाही. हा खुलासा योग्यच होता. गरजेपोटी विकणे आणि व्यापार म्हणून विकणे यांत फरक केला नाही तर कराचा कायदा संकटात सापडलेल्याच्याच पाठीत बसेल. मात्र सराफाने तोच दागिना वितळवून नवा घडवला तर फरकाचा नियम लागत नाही, कारण वस्तूचे स्वरूप बदलले. हेही समजण्यासारखे आहे.

मग माझी तक्रार कोठे आहे? ती त्या 'फरक' या शब्दापाशी आहे.

खरेदी आणि विक्री यांच्यातला फरक म्हणजे जणू सगळा नफाच, असे नियमाचे गणित आहे. परंतु मोडका मोबाईल कोणी जसाच्या तसा साडेसात हजारांना घेत नाही. दुकानदार त्याची बॅटरी बदलतो, काच बदलतो, कारागिराला मजुरी देतो. समजा, या कामी ९०० रुपये खर्च झाले. फरक १,६०० चा दिसला तरी त्याच्या हातात खरे ७०० च उरले. कर मात्र १,६०० वरच मोजायचा. दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा होत नाही. ७०० वर १८ टक्क्यांनी १२६ रुपये झाले असते, तेथे २८८ द्यावे लागतात. म्हणजे ज्याला आपण व्यापाऱ्याचा नफा म्हणून कर लावतो, त्यात कारागिराचा घाम मिसळलेला आहे.

कोणी म्हणेल, "द्यावे लागतात तर व्यापारी देईल, तुला त्याचा एवढा कळवळा कशाला?" परंतु पुन्हा तोच करभाराचा प्रश्न येतो. व्यापारी हा वाढीव कर गिऱ्हाइकाकडून काढायला पाहील. ते नेहमीच साधत नाही, कारण नव्या वस्तूची किंमत वर छतासारखी असते. जुन्याचा भाव फार चढला तर माणूस हप्त्याने नवीच वस्तू घेईल. मग व्यापाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर दुरुस्तीत हात आखडता घेणे: हलकी बॅटरी, कामचलाऊ भाग. नाहीतर वस्तू विकायला आलेल्याला कमी पैसे देणे. आणि जुनी वस्तू विकायला कोण येतो? बहुधा ज्याला आज पैशांची निकड आहे तो. म्हणजे हा कर कागदावर व्यापाऱ्याच्या नावावर असला तरी प्रत्यक्षात एका गरजूच्या वस्तूचा भाव पाडतो आणि दुसऱ्या गरजूच्या पदरात कच्ची दुरुस्ती टाकतो. दोन्ही टोकांना आपल्यासारखीच माणसे आहेत.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत हीच गोष्ट मोठ्या आकड्यांत दिसते. २०१८ पासून जुन्या गाड्यांवर फरकाच्या हिशेबानेच कर होता, पण दर दोन होते: मोठ्या मोटारींना १८ टक्के, लहान मोटारी आणि दुचाकींना १२ टक्के. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे कर परिषदेची पंचावन्नावी बैठक झाली आणि तिच्या शिफारशीनुसार १६ जानेवारी २०२५ पासून हा दर सरसकट १८ टक्के करण्यात आला. त्या वेळी एक विचित्र गैरसमज पसरला होता. बारा लाखांची गाडी वापरून नऊ लाखांना विकली तर मधल्या तीन लाखांवर कर भरावा लागणार, असे लोक एकमेकांना सांगत होते! त्यात दोन चुका होत्या. स्वतःची गाडी विकणाऱ्या घरच्या माणसाला हा कर नाही. आणि व्यापाऱ्यालाही तोट्यावर कर नाही. सुशिक्षित म्हणवणारेही ही गोष्ट खरी मानत होते, यावरून आपल्याकडे करविषयक ज्ञान किती तोकडे आहे ते दिसून येते.

गैरसमजाच्या गलक्यात खरा प्रश्न मात्र बाजूला राहिला. जुन्या दुचाकीवर व्यापाऱ्याचा फरक ८,००० रुपये असेल तर पूर्वी ९६० रुपये कर होता, आता तो १,४४० झाला. जुनी दुचाकी घेणारा दूधवाला आणि जुनी आलिशान मोटार घेणारा बागाईतदार एकाच तराजूत तोलले गेले. दरांत सुटसुटीतपणा हवा हे मान्य. पण सुटसुटीतपणासाठी नेहमी खालच्यालाच वर का चढवावे?

यानंतर २२ सप्टेंबर २०२५ रोजी नव्या वस्तूंवरील दर मोठ्या प्रमाणात उतरले. सायकल आणि शिलाई मशीन १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. लहान मोटारी आणि ३५० सी.सी. पर्यंतच्या मोटारसायकली २८ वरून १८ वर आल्या. नवी वस्तू घेणाऱ्यांना आनंद झाला. जुन्यांचे काय झाले? करापूर्वी ७०,००० रुपयांची मोटारसायकल २८ टक्क्यांनी ८९,६०० ला पडत होती, ती १८ टक्क्यांनी ८२,६०० ला पडू लागली. दोन वर्षे वापरलेली गाडी नव्याच्या साठ टक्के भावाने जाते असे धरले, तर आधी तिचे ५३,७६० आले असते, आता ४९,५६० येतील. रातोरात ४,२०० रुपये कमी! ज्याने कर्ज काढून २८ टक्के कर भरला, त्याची गाडी दारात उभ्या-उभ्या स्वस्त झाली. उलट जुनी गाडी घेणाऱ्याचा तेवढाच फायदा झाला. मी या कपातीच्या विरुद्ध नाही. जुने घेणारा हा बहुधा जुने विकणाऱ्याहून एक पायरी खालचा असतो, आणि त्याला स्वस्ताई मिळाली याचे मला समाधानच आहे. पण यावरून माझे मूळ म्हणणे सिद्ध होते: नव्याच्या कराला हात लावला की जुन्याची किंमत हलते. गरिबाच्या बाजाराची दोरी श्रीमंताच्या दुकानात बांधलेली आहे.

पुस्तकांचा विचार केल्याशिवाय कला शाखेच्या विद्यार्थिनीचा लेख पुरा होणार नाही. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही. नव्या नाही आणि जुन्याही नाही. तेव्हा अप्पा बळवंत चौकात अर्ध्या किमतीत घेतलेल्या पुस्तकाच्या पोटात तरी कर नसावा, असे वाटते. दुर्दैवाने तसेही नाही. पुस्तक करमुक्त असल्यामुळे प्रकाशकाला कागदावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो कर पुस्तकाच्या किमतीत मिसळतो. ज्या दिवशी सायकलीवरचा दर उतरला, त्याच दिवशी पुस्तकांच्या छपाईच्या कागदावरचा दर मात्र १२ वरून १८ टक्के झाला. वह्या करमुक्त झाल्या आणि वह्यांच्या कागदालाही सूट मिळाली. पुस्तकांच्या कागदाला मिळाली नाही. कोरा कागद स्वस्त आणि छापलेला महाग, हा न्याय निदान महाविद्यालयाच्या आवारात तरी पटण्यासारखा नाही.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. महाराष्ट्रात वर्षाला ४० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या, केवळ मालाची विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला सर्वसाधारणपणे नोंदणीच करावी लागत नाही. आठवडी बाजारात पथारी टाकून बसणारा, कोपऱ्यावरचा मोबाईल दुरुस्तीवाला, हे सारे या मर्यादेच्या कितीतरी आत आहेत. मग फरकावरच्या कराची एवढी चर्चा कशासाठी? उत्तर असे की, बाजारातला भाव एकटा पथारीवाला ठरवत नाही. मोठा नोंदणीकृत दुकानदार ७,५०० अधिक २८८ रुपये सांगतो, तेव्हा त्याच्याकडे पाहून लहानालाही आपला भाव थोडा वर नेता येतो. म्हणजे कर न भरणाऱ्याकडेही गिऱ्हाइकाला कराएवढी सूट मिळेलच असे नाही. आणि पावती व हमी या दोन्हींना मात्र त्याला मुकावे लागते. करमुक्ततेचा लाभ मध्येच अडतो, असे यात घडते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दुरुस्तीचा खर्च वजा करू दिला तर खोट्या बिलांचा सुळसुळाट होईल, असे कर खाते म्हणेल. ही भीती निराधार नाही. पण तिच्यावर उपाय आहे. प्रत्यक्ष बिले तपासत बसण्याऐवजी खरेदीच्या किमतीचा एखादा ठराविक हिस्सा दुरुस्तीपोटी वजा करण्याची मुभा द्यावी. ती सर्व वस्तूंना नको. सायकल, शिलाई मशीन, मोबाईल, संगणक, लहान दुचाकी अशा ज्या वस्तूंवर माणसे पोट भरतात किंवा शिकतात, त्यांच्यापुरती असावी. बिलांची कटकट नको आणि लबाडीला वावही नको. यामुळे सरकारच्या तिजोरीला पडणारी तूट फार मोठी असेल असे मला वाटत नाही. उलट पावती देणारा दुकानदार आणि पथारीवाला यांच्या भावांतले अंतर कमी झाले, तर पावतीचा व्यवहारच वाढेल.

शिवाय, जी वस्तू दुरुस्त होऊन पुन्हा चालू लागते, ती भंगारात जात नाही. ज्या हातांनी ती चालू केली त्या हातांना काम मिळते. आपल्या देशात दुरुस्ती ही मोठी कला आहे. एका गाडीचा भाग दुसरीला लावून दोन्ही चालवणारे कारागीर आपण रोज पाहतो. त्यांच्यापैकी बहुतेकांजवळ पदवी नाही. पण वस्तूचे आयुष्य वाढवण्याची विद्या आहे. त्या विद्येला नफा समजून कर लावण्यापेक्षा श्रम समजून सूट देणे अधिक शहाणपणाचे नाही का?

आणि शेवटी आपल्याविषयी दोन शब्द. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अर्थशास्त्राचे पहिले पुस्तक आपणच नेले आहे. परीक्षेत कराघात आणि करभार यांवर टीप लिहून गुण मिळवणे सोपे आहे. तीच टीप घरातल्या ओट्यावर, घरच्या भाषेत सांगणे अवघड आहे. परंतु तेच खरे काम आहे. बाजारात उभे राहून पंधरा मिनिटे घासाघीस करणाऱ्या आपल्या माणसांना कोणीतरी सांगितले पाहिजे की, तुम्ही कर चुकवणारे नाही आणि देशावर भारही नाही. काडेपेटीपासून जुन्या सायकलीपर्यंत प्रत्येक खरेदीत तुम्ही कर मोजत आला आहात; फक्त तुम्हाला त्याची पावती कोणी दिली नाही. रस्ता, दवाखाना आणि शाळा मागताना म्हणूनच आवाज खाली आणण्याचे कारण नाही. तो हक्क तुम्ही विकत घेतलेला आहे, आणि तो सेकंडहँड नाही.